घरचं केळवण

लग्न बारा दिवसांवर आलं आणि ऋजुताच्या गालावर तिसरी पुटकुळी उठली. तिच्या आईचं, शोभनाताईंचं, डोकंच फिरलं. महिनाभर त्या लेकीला सकाळी दुधीचा रस देत होत्या, तांब्यातांब्याने पाणी पाजत होत्या. आणि नातेवाईक केळवणाच्या नावाखाली जेवायला बोलावून तिच्या पानात जिलब्या रचत होते. वर प्रत्येकीचं पालुपद तेच, "नवरीने नाही म्हणायचं नसतं."

लग्नाच्या आदल्या दिवशी घरचं केळवण होतं. शोभनाताई श्रीखंड वाढायला वाकल्या, तर ऋजुताने पानावर हात आडवा धरला. "गोड नको, आई. तूच म्हणतेस ना, चेहरा."

शोभनाताई खेकसल्या, "खड्ड्यात गेला तो चेहरा. हात काढ आधी. उद्यापासून तिथे तुला आग्रह कोण करणार आहे?"