रोटाचा वाटा

"हाऊ तुना वाटा," टर्मिनलच्या दाराबाहेर उभ्या हेमराजनं बहिणीच्या हातात डबा दिला. "माय सांगस, बसीसन खाजो. उभ्याउभ्या नको. आनि कोनले दिऊ नको."

धनश्रीनं डबा दोन्ही हातांनी घेतला. अजून कोमट होता. डिंडोलीच्या घरी आज कुलदेवी कानबाई बसली होती, आणि कानबाईच्या प्रसादाचा रोट आईनं, मंगलाबाईंनी, आजवर उंबऱ्याबाहेर जाऊ दिला नव्हता. शेजारीण दारात आली तर तिला पुरणपोळी मिळायची, रोट नाही. रोट फक्त भाऊबंदांचा. घरच्या लेकीलाही तो लग्न होईपर्यंतच. एकदा अक्षता पडल्या की कूळ बदललं, वाटा संपला. धनश्रीच्या अक्षता दिवाळीनंतर पडणार होत्या. म्हणजे माहेरचा हा शेवटचा रोट, आणि तो खायचा विमानतळावर.

"माय रडनी का?"

"रडनी नही. शिव्या दिन्यात," हेमराज म्हणाला. "तुन्या विमानले."

रजा मंजूर होती. उन्हाळ्यात, आखाजीच्या सणाआधीच मागून ठेवलेली. कानबाईचा रविवार काही अचानक उगवत नाही, कॅलेंडरात वर्षभर बसलेला असतो. पण काल दुपारी फोनवर नवं रोस्टर आलं, त्यात तिचं नाव आजच्या पाळीला. विचारलं तर ड्यूटी मॅनेजर प्रवीणसर म्हणाले, "क्या करें बेटा, स्टाफ नहीं है."

स्टाफ उन्हाळ्यापासूनच नव्हता. सोडून गेलेल्या मुलींच्या जागा भरायच्या नाहीत आणि उरलेल्यांच्या रजा खायच्या, असा सरांचा सोपा कारभार. दुसऱ्याची मंजूर रजा म्हणजे त्यांच्या लेखी ठेव. अडचण आली की आधी तीच मोडायची. उत्तरायणला मात्र बारडोलीच्या गच्चीवरून त्यांचा पतंग दरवर्षी वेळेवर चढायचा. तेव्हा स्टाफ असायचा.

काउंटरच्या मागच्या खोलीत धनश्रीनं बूट काढले. स्कार्फ सोडून डोक्यावरून घेतला आणि खुर्ची बाजूला सारून जमिनीवर बसली. बाहेर काउंटरवरची तिची सहकारी चंचल एकटी रांग ओढत होती. "जा, खाऊन ये. लोक आपल्याला शिव्या द्यायलाच येतात, पाच मिनिटं जास्त देतील," असं तिनंच म्हटलं होतं.

डबा उघडला. तुपाचा वास खोलीभर झाला. धनश्रीनं हात जोडले, पहिला घास मोडला, आणि दार उघडलं.

"अरे वाह! प्रसाद?" प्रवीणसर आत आले. "और अकेले अकेले? लाओ, लाओ."

"सर, हा घरच्यांनाच चालतो."

"तो हम कौन हैं?" सर हसले. हसताना ते फार प्रेमळ दिसत. "सुबह ब्रीफिंग में क्या बोला मैंने? वी आर वन फॅमिली. भूल गई?"

ती विसरली नव्हती. ते वाक्य ऐकून सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या. तिनंही वाजवल्या होत्या. सरांनी वाकून हात पुढे केला. धनश्री त्या हाताकडे बघत राहिली. रजा मोडायला यातलं एकच बोट पुरलं होतं.

"घ्या ना, सर," ती म्हणाली. "पण आमच्यात एक रीत आहे. ज्याला आमचं सुतक लागतं, त्यालाच आमचा रोट."

"मतलब?"

सुतक त्यांना कळत होतं. गुजरातीतही तो शब्द तोच आहे. मतलब त्यांना दुसऱ्याच कशाचा हवा होता.

कानबाईच्या दिवशी मरणाचं बोलू नये, हे धनश्रीला माहीत होतं. आई असती तर तोंडावर हात ठेवला असता. आई इथे नव्हती, आणि का नव्हती ते समोर उभं होतं.

"मतलब, उद्या मी मेले तर दहा दिवस घरी बसाल? दाढी नाही, देवपूजा नाही. दहा दिवस सुट्टी टाकावी लागेल, सर. आधी मंजूर करून आणा. मंजूर झालेली मोडणार नाही, हेही लिहून आणा." तिनं डबा बोटभर पुढे सरकवला. "मग घ्या तुकडा."

धनश्रीला बोलवायला आलेली चंचल दारातच थांबली. बाहेर रांगेत कुणीतरी काउंटर ठोकत होतं.

प्रवीणसरांचा हात तसाच पुढे राहिला. नजर मात्र सवयीनं भिंतीवरच्या रोस्टरकडे गेली.