नणंद आणि साडू

“आज दाखवून ये. मला शब्द दिलायस, विसरू नकोस.” नवऱ्याचं सकाळचं बोलणं आठवत ऑपरेशन थिएटरच्या सिस्टर मनोविकार विभागाबाहेर बसल्या होत्या. कित्येक महिने धड झोप नव्हती, छातीत सारखी धडधड. पण आपल्याच हॉस्पिटलात कुणी पाहिलं तर? म्हणून तोंडाला ओढणी, डोळ्यांवर गॉगल आणि मनात देवाचा धावा, असा सगळा जामानिमा होता.

शेजारी ऐन उन्हाळ्यात कानटोपी आणि मफलर गुंडाळून एक गृहस्थ बसले होते. ‘बिचाऱ्याचं फारच पुढे गेलेलं दिसतंय,’ सिस्टरना कणव आली.

गृहस्थ हात धुवायला गेले. परतताना त्यांनी पाठीनं दार ढकललं आणि ओले हात छातीसमोर वर धरून ते तसेच उभे राहिले. सिस्टर थिएटरमधल्या सवयीनं ताडकन उठल्या आणि पर्समधला नॅपकीन उलगडून त्यांच्या हातांवर ठेवला.

“घ्या, सर.”

कानटोपी दचकली. “सिस्टर, तुम्ही?”

‘तिकडे सगळा वेड्यांचा बाजार’ म्हणत थिएटरमध्ये रोज हशा पिकवणारे मोठे सर्जन ते हेच.

“मी आपली नणंदेला घेऊन आलेय,” सिस्टर पुटपुटल्या.

“मीपण. म्हणजे, साडूला.”

दोघांनी आजूबाजूच्या रिकाम्या खुर्च्यांकडे पाहिलं. तेवढ्यात आतून हाक आली, “पुढचं कोण?”



“तुमच्या साडूंजवळ माझ्या नणंदेला जरा बसू द्या, सर,” सिस्टर हळूच म्हणाल्या आणि गॉगल काढून आत गेल्या.