फोटोपुरती ज्वाळा

तिने व्हॉल्व्हचं चाक शेवटपर्यंत फिरवलं आणि माळाच्या टोकाला चार दिवस भडकत असलेली ज्वाळा विझली. इतकी एकदम, की आचारी पळी हातात घेऊनच तंबूबाहेर आला.

मांडवात खुर्च्यांना पांढरी कव्हरं चढवून घेणारे साहेब तिथूनच ओरडले, "कुणी विझवली?"

"मी."

साहेब म्हणजे तिचा सख्खा मामा. नातं घरी ठेवून यायचं, असं त्याने तिला पहिल्याच दिवशी बजावलं होतं. त्यामुळे रिगवर ती त्याला साहेब म्हणायची आणि तो तिला टेस्टिंग इंजिनिअर. आजवर त्याने खणलेल्या एकाही विहिरीत तेल लागलं नव्हतं. हेड ऑफिसात पाठीमागे त्याला 'कोरडे साहेब' म्हणत, हे त्यालाही ठाऊक होतं. या विहिरीतून मात्र तेल असं उसळून आलं, की त्याने ड्रिलरला उचलून घेतलं. आणि ड्रिलर काही हलका गडी नव्हता.

मामा तरातरा आला. "चेअरमन निघालेत! तासाभरात पाहुणे इथे असतील आणि तू ज्वाळा विझवून बसलीस?"

"दाब बघायचाय, साहेब."

"उद्या बघ."

"उद्या बघण्यासारखं काही उरलं पाहिजे ना."

खालचा दगड कडक, काळा. त्याच्या अंगात तेल मुरत नाही, असतं ते फक्त भेगांमध्ये. आणि भेगांमधलं तेल फार फसवं. पाणी गेल्यावरही नळ सोडला की पाइपातलं उरलंसुरलं जोरात येतं आणि आपण घाईघाईने बादली लावतो, तसंच. म्हणून विहीर बंद करून बघायचं. दाब पुन्हा पहिल्या दिवसाइतका चढला, तर मागे साठा आहे. अलीकडेच अडकला, तर होतं ते एवढंच. हे सगळं तिला मामानेच शिकवलं होतं, त्यामुळे त्याला समजावून सांगायची सोयच नव्हती.

खरं तर ही टेस्ट दुसऱ्याच दिवशी व्हायची होती. पण चेअरमनना सवड होईना, आणि विझलेली विहीर त्यांना दाखवणार कशी? म्हणून वर येणारं तेल तसंच जाळत ज्वाळा पेटती ठेवली. तिने रोज सकाळी आठवण करून दिली आणि रोज मामाने हो हो म्हणून तिला वाटेला लावलं. आज तिने आठवण करून दिली नाही.

पहिल्या दिवशीचा दाब लक्षात राहावा म्हणून तिने गेजच्या काचेवर नेलपॉलिशचा ठिपका दिला होता. काटा आता त्याच्याकडे भराभर चढू लागला. मामाचा चेहरा खुलला. "बघ! उगाच जीव खाल्लास."

मग काटा मंदावला, आणि ठिपक्याच्या बराच खाली येऊन थांबला. ड्रिलरही जवळ आला, आणि तिघं बराच वेळ बघत उभी राहिली. ड्रिलरने काचेवर टिचकी मारली. मामानेही मारली. काटा ढिम्म.

"गेज बिघडलंय."

"दुसरंही लावलंय, साहेब. तेही तेच सांगतंय."

मामाने दुसऱ्या गेजकडे वाकून पाहिलं. तिला त्याची दया आली आणि त्याहून जास्त राग आला. इतकी वर्षं ज्याच्यासाठी तो डोंगर पोखरत हिंडला, ते त्याने पाहुण्यांची वाट बघत हौसेने जाळलं होतं.

"व्हॉल्व्ह उघड," तो शेवटी हळू आवाजात म्हणाला. "आजचा दिवस निभावू दे. आज ते पुढच्या दहा विहिरी जाहीर करणार आहेत. उद्या मी स्वतः सांगतो त्यांना."

"जाहीर झाल्यावर?"

"ही ऑर्डर आहे. जमत नसेल तर गाडी बोलावतो, सामान भर."

"बोलाव," ती म्हणाली आणि तिने दोन्ही हातांनी चाक धरलं. "पण मामा, माझे हात तुलाच सोडवावे लागतील. ड्रिलरदादांना सांगू नकोस." रिगवर ती त्याला पहिल्यांदाच मामा म्हणाली होती. ड्रिलरदादा आधीच मन लावून ढग बघू लागले होते.

तेवढ्यात गाड्या आल्या आणि मामा तिकडे धावला. चेअरमन उतरले, मागून फोटोग्राफर उतरला. दोघांनी माळाच्या टोकाकडे बघितलं.

"ज्वाळा कुठाय?"

"टेस्ट चालू आहे," तिने जागेवरूनच सांगितलं. "दाब भरून येत नाही. मागे फारसं तेल नाहीये, सर."

चेअरमन लहान मुलीकडे बघून हसावं तसे हसले आणि मामाकडे वळले. "हरकत नाही, हरकत नाही. फोटोपुरती पेटवा. दोनच मिनिटं. मग चालू द्या तुमचं."

मामा निघाला. वाटेत त्याने पांढऱ्या कव्हरची एक खुर्ची बाजूला सारली. तिच्याजवळ आला, तिच्याकडे न बघता त्याने तिच्या हातांशेजारी आपले हात चाकावर ठेवले आणि बोटं आवळली. तिने पाय रोवले. आता तो हिसका देईल आणि आपण सोडायचं नाही, एवढंच तिच्या डोक्यात होतं. आयुष्यभर बोलला नाही तरी चालेल.

चाक केसभर हललं. पण उघडायच्या बाजूला नाही. मामा दात-ओठ खाऊन ते आणखी आवळत होता.