बादलची बारी

तनुजानं विकिपीडियावर गावाचं पान लिहिलंय, हे कळताच अर्जुनरावांनी सुनेशेजारी खुर्ची ओढली. "लिव, आपल्या बादलवानी पळणारा बैल अख्ख्या चाकणात न्हाई." "आबा, बैल घरचा. तिथं घरच्याचं कौतुक घरच्यानं लिहायचं नसतं. बाहेरचं कुणी तपासून लिहील, मी नाही." "घरच्या माणसानं न्हाई लिवायचं, तर काय शेजाऱ्यानं?" आवाज चढला तसा शिफ्टवरून आलेला रणजीत दारातच थबकला. नवरा कुणाची बाजू घेतो, याची तनुजानं वाटच पाहिली नाही. तिनं खुंटीवरचं घड्याळ काढून सासऱ्यांपुढं ठेवलं. यात्रेतल्या बैलगाडा शर्यतीत वेळ मोजायचा मान अर्जुनरावांचा. त्यांच्या सेकंदावर आजवर कुणी बोट ठेवलं नव्हतं. "आबा, आपल्या गाड्याची बारी आली की हे दुसऱ्याच्या हातात का देता? बादल हळू पळतो म्हणून?" अर्जुनराव मिशीतल्या मिशीत हसले. "मग लिव तितं, 'मी मालकाची सून.' आन् दे तुझं हे लिवायचं घड्याळ दुसऱ्याकडं."