न टोचलेली रेघ

कातडी चिरली आणि डॉक्टर प्रमिलाबाईंचा हात थांबला. निळी रेघ कातडीतच संपली होती. खाली फक्त पिवळी चरबी.

"गोंदणच कापलं मी," त्या स्वतःशीच म्हणाल्या.

एक्स-रेच्या टेबलावर जिजा उताणी पडली होती. तळेगावच्या पलीकडच्या जंगलपट्ट्यातली गोंड बाई, पन्नाशीची, गावोगाव फिरून बायांना गोंदणारी. मानेत लिंबाएवढ्या गाठी होत्या. वर्षभर त्या तिने पदराखाली वागवल्या. "दुखत नव्हतं, तं कायले येऊ?" एवढंच तिचं उत्तर. एक गाठ काढून तपासली तेव्हा कळलं, कॅन्सर. आता प्रश्न एकच होता. रोग मानेतच आहे, की पोटातही उतरला आहे? मानेतच असेल तर नागपूरला किरणांचा शेक घेऊन ती बरी होण्याची आशा होती. पोटात असेल तर फारशी नव्हती.

पोटात मुळातच असणाऱ्या बारीक रसगाठींकडे जाणारी वाट पायातून होती. बोटांच्या बेचक्यात निळं औषध टोचलं की पावलावरची रसवाहिनी निळी दिसू लागते. केसाएवढी बारीक. ती उघडायची, तिच्यात सुई घालायची आणि थेंबाथेंबाने एक तेल सोडायचं. ते तेल एक्स-रेत दिसतं. पण अर्ध्या तासात निळा रंग सगळीकडे पसरतो आणि रेघ विरून जाते. त्यातली पंधरा मिनिटं गेली होती.

आणि जिजाच्या दोन्ही पावलांवर, बोटांपासून घोट्यापर्यंत, कोरी म्हणावी अशी जागाच नव्हती. विंचू, मोर, फण्या, ठिपक्यांच्या ओळी. सगळं निळं.

"बाई, हा पाय आहे का जिल्ह्याचा नकाशा?" फोटो काढणारे रूपराव हळूच म्हणाले.

प्रमिलाबाईंनी दिवा आणखी खाली ओढला. रेघा आणखी वाढल्यासारख्या वाटल्या.

"काय ढुंढून राह्यली वो बाई?" जिजाने विचारलं.

"एक निळी रेघ."

"माह्या पायावर तं साऱ्याच निळ्या हायेत." ती हसली. मग प्रमिलाबाईंचा चेहरा पाहून हसायची थांबली. "उठवा मले. पाहू द्या."

"पण हात लावायचा नाही हं."

रूपरावांनी मागून खांद्यांना आधार दिला. जिजा वाकून स्वतःच्या पावलांकडे पाहू लागली. ओठ हलत होते. ती गोंडीत ठिपके मोजत होती.

"हा मोर मायनं टोचला. मी सात वर्साची होती. लय रडली. हा इच्चू म्याच काढला, लग्नाच्या पयले. हे ठिपकेबी माहेच." नजर एकेका रेघेवरून जात होती, पाखडलेल्या दाण्यांतून खडे वेचावेत तशी. प्रमिलाबाईंना घड्याळाकडे पाहायचा धीर झाला नाही.

"हे माही नाई," जिजा म्हणाली.

"कोणती?"

"डाव्या पायावरची. इच्चवाच्या नांगीपासून तिसरा ठिपका धर. त्याच्या बाजूनं चालली. मायचीबी नाई. मायचा हात असा कापत नव्हता."

प्रमिलाबाईंना ती तरीही दिसली नाही. त्यांनी नांगीपासून ठिपके मोजले. तिसऱ्यापाशी नखाएवढं चिरलं. चरबीत एक निळा धागा पडलेला होता, ओला, जिवंत.

मग उजव्या पावलावरची जागाही जिजानेच सांगितली. दोन्ही सुया बसल्या.

"आता दोन तास हलायचं नाही, जिजाबाई."

"हे मले शिकवू नोको. टोचून घेनारी हलली का मोर लंगडा होते. किती जनींले दापलं असन म्या!"

दोन तास ती हलली नाही.

दुसऱ्या दिवशी रूपरावांनी दोन फिल्मा उजेडाच्या पेटीवर लावल्या. कालच्या फिल्मवर बारीक पांढऱ्या रेघा होत्या, मांडीतून जांघेत, जांघेतून पाठीच्या कण्याला धरून वर गेलेल्या. आजच्या फिल्मवर रेघा नव्हत्या. तेल गाठींत जाऊन थांबलं होतं आणि कण्याच्या दोन्ही अंगांना पांढरे ठिपके उमटले होते. रोग शिरलेली गाठ मधूनच कुरतडल्यासारखी दिसते. प्रमिलाबाईंनी भिंग घेतलं आणि जांघेपासून सुरुवात केली. शेवटच्या ठिपक्यापर्यंत गेल्या. पुन्हा खाली आल्या आणि पुन्हा पाहिलं.

प्रत्येक ठिपका भरलेला होता, एकही कुरतडलेला नव्हता.

जिजा भिंतीला धरत, पट्ट्या बांधलेल्या पायांनी आत आली.

"पोटात काही नाही, जिजाबाई. नागपूरला जायचं, शेक घ्यायला."

जिजाने मान डोलावली, पण तिचं लक्ष पेटीकडे होतं. ती जवळ गेली. बोट उचललं आणि काचेपासून दोन अंगुळं दूरच थांबवलं.

"लाव, लाव," रूपराव म्हणाले. "आता काई होत नाई."

तिने जांघेपासून रेघ धरली आणि बोट हळूहळू वर नेलं. मग आजच्या फिल्मवर आली आणि एकेक ठिपका मोजला.

"हे तू काढलं?"

"नाही. मी फक्त तेल सोडलं. हे होतंच. जन्मापासून."

"साऱ्याइलेच असते?"

"सगळ्यांना."

जिजाने खाली पाहिलं. प्रमिलाबाईंच्या चपलेतल्या गोऱ्या, कोऱ्या पावलांकडे.

"तुह्या पायातबी?"

"माझ्याही."

जिजा पुन्हा पेटीकडे वळली. तिने शेवटच्या ठिपक्यावर बोट टेकवलं.

"एवढं सारं टोचलं," ती म्हणाली, "अन् कोनालेच दुखलं नाई?"