ऑक्सिजनची फिकट रेषा

"अजून कुणाला सांगितलंस?" सासूबाईंनी विचारलं आणि खोलीचं दार आतून लावून घेतलं.

"घरी यांना सोडून कुणालाच नाही," सून म्हणाली.

भिंतीपलीकडे सभागृह भरत होतं. खुर्च्या सरकल्याचे आवाज येत होते. अर्ध्या तासात सासूबाईंचं निरोपाचं व्याख्यान होतं. विषय अर्थातच त्यांचा तेजोमेघ, ताऱ्यांमधला तो तापलेल्या वायूचा ढग. इतका तापलेला आणि ऑक्सिजन इतका कमी असलेला मेघ दुसरा नाही, हे त्यांनी बावीस वर्षांपूर्वी मोजून दाखवलं होतं. त्या एका आकड्यावर त्यांचं नाव उभं होतं.

आणि तो आकडाच चुकला होता. मेघाचं तापमान त्याच्या वर्णपटातल्या ऑक्सिजनच्या एका फिकट निळ्या रेषेवरून काढतात. रेषा जितकी ठळक, तितका मेघ तापलेला. पण जुन्या वेधशाळेच्या पायथ्याशी रस्त्यावर पाऱ्याचे दिवे होते. त्यांची रेषा हिला अगदी खेटून पडते. जुन्या यंत्राला दोन्ही मिळून एकच रेषा दिसली. सुनेनं दूरच्या अंधाऱ्या डोंगरावरून नवे वेध घेतले, तर रेषेचा तिसरा हिस्साच उरला. तापमान पंधरा हजार अंशांवरून दहा हजारांवर उतरलं. थंड मेघाला तेवढंच चमकायला जास्त ऑक्सिजन लागतो, म्हणून हिशेबात ऑक्सिजन तिप्पट झाला. मेघ चारचौघांसारखा निघाला.

"आज नको गं, आईचा दिवस आहे," नवरा सकाळी म्हणाला होता. तिलाही ते पटत होतं. दोघी एकाच विभागात. सासूच्या चुका काढणारी सून म्हणून सगळे दात काढणार होते. पण ती गप्प बसली असती, तर तोच आकडा दोनशे माणसांसमोर पुन्हा खरा ठरला असता.

सासूबाईंनी चष्मा काढून सुनेनं आणलेला नव्या वेधांचा आलेख डोळ्यांजवळ नेला. मग त्यांनी भाषणाची पानं घडी घालून पर्समध्ये कोंबली.

"आई, तुम्हीच सांगा ना सगळ्यांना. तुमचं ऐकतील."

"म्हणूनच नको. मी सांगितलं तर माझ्या मोठेपणाला टाळ्या पडतील, आणि हे तू शोधलंस ते कुणाच्या लक्षातही राहणार नाही." त्यांनी दाराची कडी काढली. "केस सारखे कर. व्याख्यान तू देते आहेस."