मापाचा अंगठा

जाळ्याच्या भोकातून आत्याचा अंगठा आरपार गेला, तरच होडी पाण्यात उतरायची. अडकला, तर जाळं तिथंच पेटवायचं. माशांची पिल्लं सुटलीच पाहिजेत, हा किनाऱ्याचा कायदा. सगळे कुरकुरायचे, पण पाळायचे.

आज अंगठा अडकला तो सख्ख्या भाच्याच्या जाळ्यात.

"आत्या, घरचा आहे मी."

"म्हणून तर सोडता येत नाही," म्हणत तिनं जाळं पेटवलं.

भाच्यानं तिचा उजवा हात खेचून मासे कापायच्या फळीवर दाबला आणि कोयता घातला. अंगठा वाळूत पडला.

"घे, मोज आता!"

कुणी मध्ये पडलं नाही. एकदोघं तर गालातल्या गालात हसले.

आत्यानं दातांनी फडकं आवळून हाताला बांधलं.

"डावा अंगठा आहे की, आत्या," एक म्हातारा नावाडी चाचरत म्हणाला.

"तो उद्या तुमच्यातलाच कुणीतरी तोडेल." तिनं डाव्या हाताची मूठ वळली. "आजपासून माप हे."

मूठ पहिल्या जाळ्यात अडकली. मग दुसऱ्यात. मग प्रत्येकात. एकेक जाळं आगीत गेलं. शेवटचं पेटलं तेव्हा सगळे नावाडी कोयते उचलून भाच्याकडे वळले.

भाचा धावत जाऊन आत्याच्या पाठीमागे लपला.